मुराबित हे आडनाव नव्हे

अकराव्या-बाराव्या शतकात मोरोक्को आणि स्पेनमध्ये राज्य करणारे मुराबित, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतले 'अल्मोराविद', हे घराण्याचं नाव का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी स्पॅनिश शिकवते आणि वर्षातून एकदा तरी मराठी मंडळींच्या गटाबरोबर दुभाषी म्हणून स्पेन-मोरोक्कोला जाते. माराकेशमध्ये एक जुना घुमट आहे. रस्त्याच्या पातळीपेक्षा बराच खाली, म्हणून पायऱ्या उतरून जावं लागतं. आतून वर पाहिलं की एकमेकींत गुंफलेल्या कमानी आणि दगडात कोरल्यासारखी पानंफुलं दिसतात. मशिदीत जाण्याआधी हातपाय धुण्यासाठी बांधलेली ही जागा. मुराबितांनी माराकेशमध्ये बांधलेल्यापैकी फार थोडं उरलं, त्यातली ही एक. तिथं 'अल्मोराविद' हा शब्द कानावर पडला की कुणीतरी विचारतंच : "हे घराण्याचं नाव ना? आपले यादव, चालुक्य, तसं?"

तसं नाही, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

मूळ अरबी शब्द 'अल्-मुराबितून'. एकटा असेल तर मुराबित, अनेक असले की मुराबितून. स्पॅनिश लोकांच्या तोंडी 'अल्' शब्दाला कायमचं चिकटलं, लिहिताना 'ब'चा 'व' झाला, 'त'चा 'द' झाला आणि 'अल्मोराविदे' तयार झालं. आपल्याकडे ते इंग्रजी पुस्तकांतून आलं, म्हणून शेवटचा 'ए'ही गेला. अर्थ तर वाटेतच सांडला.

र-ब-त या धातूचा अर्थ बांधणं. त्यावरून 'रिबात' : सरहद्दीवर घोडे बांधून, धर्मासाठी सज्ज होऊन राहणं. पुढे त्या ठाण्यालाही रिबातच म्हणू लागले. मोरोक्कोची राजधानी रबात, तिचं नाव यातूनच आलं. असं व्रत घेऊन राहणारा तो मुराबित. एका सहलीत एका काकूंना हे सांगत होते, तर त्या पटकन म्हणाल्या, "म्हणजे वारी करतो तो वारकरी, तसंच की!" तेव्हापासून मी हेच उदाहरण देते. वारकरी हे कुणाचं घराणं नाही, तो एक नेम आहे. आणि गंमत म्हणजे या धातूचा एक शब्द आपण रोज वापरतो. "त्यांच्याकडे माणसांचा केवढा राबता!" हा राबता अरबी 'राबिता'वरून आला. बांधलेलं नातं, म्हणून सततचं येणंजाणं.

मग हे नाव त्यांना पडलं कसं? अकराव्या शतकात सहारात उंटांचे तांडे घेऊन फिरणाऱ्या सन्हाजा टोळ्या होत्या, त्यांतली एक लम्तूना. अब्दुल्ला इब्न यासीन नावाचा धर्मशिक्षक त्यांच्यात आला आणि त्यानं त्यांना कडक शिस्त लावली. नेहमी सांगितली जाते ती कथा अशी, की तो मोजके शिष्य घेऊन एका बेटावर गेला, तिथं रिबात बांधला आणि त्यावरून नाव पडलं. कथा छान आहे, पण ती बऱ्याच नंतरच्या लेखनात येते. अल्-बक्री या भूगोलकारानं १०६८ साली, म्हणजे या मंडळींच्या हयातीत, त्यांच्याविषयी लिहिलं. त्यात बेटावरच्या रिबाताचा पत्ता नाही. दुसरी कथा सांगते की एका भयंकर लढाईत पाय रोवून उभे राहिलेल्यांना इब्न यासीननं मुराबित म्हटलं. मला ही जास्त पटते. बांधून घेतलं ते जागेशी नव्हे, एकमेकांशी आणि शब्दाशी.

इब्न यासीन १०५९ मध्ये लढाईत पडला. राज्य उभं राहिलं ते लम्तूना सरदारांचं. माराकेश १०७०च्या सुमारास वसलं, १०८६ मध्ये त्यांतल्या यूसुफ इब्न ताशफीननं स्पेनमध्ये झल्लाकाच्या लढाईत कास्तील या ख्रिस्ती राज्याच्या सहाव्या अल्फोन्सोला हरवलं. गादी यूसुफच्या वंशात राहिली, हे खरं. पण घराण्याचं नाव म्हणायचं तर ताशफीनचे वंशज म्हणा. त्या काळी लोक त्यांना आणखी एका नावानं ओळखत : अल्-मुलस्समून, तोंड झाकणारे. कारण त्यांचे पुरुष नाकातोंडावरून कापड गुंडाळत.

आणखी एक सांगते, सन्हाजांसारख्या उत्तर आफ्रिकेतल्या मूळ लोकांना पुस्तकांत 'बर्बर' म्हणतात, तो शब्द मी शक्यतो टाळते. मराठी कानाला त्यात 'बर्बरता' ऐकू येते, मग समोरचा माणूस आधीच रानटी ठरतो. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात, आपणही तेच म्हणावं.

या शब्दाचा सगळ्यात विलक्षण प्रवास मात्र नाण्यावर झाला. मुराबितांचा सोन्याचा दिनार इतका खात्रीचा, की ख्रिस्ती राज्यांतही तोच चाले. नवे दिनार मिळेनासे झाले तेव्हा कास्तीलच्या आठव्या अल्फोन्सोनं, ११७०च्या दशकात, तोलेदो शहरात स्वतःचे पाडले. त्यातलं एक नाणं मी काचेला नाक लावून पाहिलं आहे. सगळा मजकूर अरबी, वर बारीकसा क्रूस, खाली तीन लॅटिन अक्षरं : ए, एल, एफ. अरबीत लिहिलंय काय, तर 'ख्रिस्ती चर्चचा इमाम पोप' आणि राजा स्वतः 'कॅथलिकांचा अमीर', म्हणजे अधिपती. ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या लढाई, त्यांच्याच लिपीत राजा आपला धर्म सांगतोय, कारण त्याशिवाय बाजार ते सोनं हातात धरणार नाही. आणि नाण्याचं नाव? मारावेदी. म्हणजे 'मुराबिती', मुराबितांचं. पोर्तुगालच्या राजांनी पाडलं त्याला मोराबितीनो म्हणत.

पुढे मारावेदीतलं सोनं गेलं, चांदी आली, मग तांबं. शेवटी तो हिशेबाचा एक बारीक आकडा उरला. मुराबितांचं राज्य तर ११४७ मध्ये माराकेश पडलं तेव्हाच संपलं होतं. तरी १४९२ साली कोलंबसची जहाजं पश्चिमेला निघाली, तेव्हा जमीन पहिल्यांदा ज्याला दिसेल त्याला इनाम जाहीर झालं होतं : वर्षाला १०,००० मारावेदी.