पिकलिंग पेस्टच्या डब्यावरचे नाव

भोसरी-चाकणपासून वाळूजपर्यंत जिथे जिथे स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइपलाइन बनतात, तिथे पिकलिंग पेस्ट वापरात असतेच. वेल्डिंगनंतर जोडाभोवती जो निळसर-काळा पट्टा उमटतो तो काढण्यासाठी ही पेस्ट ब्रशने लावतात, ठरलेला वेळ तशीच ठेवतात आणि मग पाण्याने धुऊन टाकतात. काम इतके नेहमीचे आहे की ते करणाऱ्याला आपण एखादा घातक पदार्थ हाताळतो आहोत असे वाटतच नाही, आणि औद्योगिक सुरक्षिततेचे काम करताना मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

या पेस्टमध्ये साधारणपणे नायट्रिक आम्ल आणि थोड्या प्रमाणात हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. नायट्रिक आम्ल त्वचेवर पडले तर लगेच झोंबते, त्यामुळे माणूस आपोआप नळाकडे धावतो. हायड्रोफ्लोरिक आम्लाचे तसे नाही. ते सौम्य असेल तर सुरुवातीला वेदना जाणवतेच असे नाही; त्वचेवर फारसे काही दिसतही नाही, आणि ठणका काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. तोवर त्यातील फ्लोराइड आत झिरपून ऊतींमधल्या कॅल्शियमला बांधून टाकत असते. संपर्क मोठा असेल तर रक्तातले कॅल्शियम घसरून हृदयाची लयसुद्धा बिघडू शकते. म्हणून ‘पाण्याने धुतले, आता बरे आहे’ एवढ्यावर हा विषय सोडून चालत नाही. अंगावरचे भिजलेले कपडे काढून लगेच भरपूर पाण्याने धुवायचे, मग हातमोजे घालून त्या जागेवर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल चोळायचे आणि वेदना नसली तरी माणसाला रुग्णालयात न्यायचे.

हे सारे तेव्हाच घडते, जेव्हा अंगावर काय पडले हे कोणाला तरी ठाऊक असते. मूळ डब्यावर लाल चौकटीतली धोकाचिन्हे आणि सूचना छापलेल्या असतात. परंतु पेस्ट त्या डब्यातून रंगाच्या रिकाम्या डब्यात किंवा कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत काढली की तिचे नाव मागेच राहते. दुसऱ्या पाळीतल्या माणसाला दिसतो तो फक्त पांढरट लगदा आणि त्यात बुडवलेला ब्रश. कंत्राटी कामगार अनेकदा दुसऱ्या राज्यातून आलेला असतो आणि सोळा विभागांचे सुरक्षा माहितीपत्रक इंग्रजीत, तेही कार्यालयातल्या फायलीत. प्रथमोपचाराचा चौथा आणि संरक्षक साधनांचा आठवा असे दोन विभाग तरी मराठी-हिंदीत करून कामाच्या जागी लावायला असा किती खर्च येतो?

१९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळच्या रुग्णालयांत हजारो माणसे आली, तेव्हा डॉक्टरांना त्या वायूविषयी आणि त्यावरच्या उपचारांविषयी पुरेशी माहिती मिळालेली नव्हती. पुढे १९८७ साली कारखाने अधिनियमात जी सुधारणा झाली, तिने धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे बंधनकारक केले. पेस्टच्या एका डब्याची त्या दुर्घटनेशी तुलना करणे योग्य नाही, हे मला मान्य आहे. तरीही उपचार करणाऱ्याला पदार्थाचे नाव कळलेच पाहिजे, ही गरज दोन्हीकडे सारखीच आहे.

आमच्याकडे आता पेस्ट मूळ डब्यातूनच वापरतात. काढून घ्यावीच लागली तर झाकणाचा, नाव लिहिलेला प्लास्टिकचा डबा घेतात. काचेचे भांडे मुळीच नाही, कारण हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खाते. पातळ रबरी मोज्यांऐवजी आम्लरोधक जाड मोजे आणि चेहऱ्यावर पूर्ण ढाल असते. जोड थंड झाल्याशिवाय पेस्ट लावू देत नाहीत, कारण गरम धातूवर विषारी वाफा जास्त उठतात. धुण्याचे पाणीही गटारात सोडता येत नाही. त्यात आम्लाबरोबर क्रोमियम आणि निकेल उतरलेले असते, त्यामुळे ते प्रक्रियेसाठीच पाठवावे लागते.

सर्वांत जास्त वाद झाला तो जेलच्या ट्यूबवरून. खरेदी विभागाला ती अनावश्यक वाटत होती, कारण आधीची न वापरताच मुदतबाह्य झाली होती. शेवटी ट्यूब आली आणि प्रथमोपचाराच्या पेटीत कुलूपबंद झाली. किल्ली मात्र संध्याकाळी पर्यवेक्षकाच्या खिशातून घरी जात असे. आता ती ट्यूब पिकलिंगच्या जागेजवळच्या नळापाशी, बिनकुलपाच्या डब्यात असते आणि तिच्या मुदतीची तारीख डब्याच्या झाकणावर लिहिलेली आहे.