तुम्ही विचारलंत म्हणून: सरपंचाला मारून मिळतं काय?

काश्मीरचा विषय निघाला की हा प्रश्न मला येतोच, अहो एवढे मंत्री-आमदार असताना ते अतिरेकी गावच्या सरपंचाच्या मागे का लागतात. मला विचारतात कारण 2022 च्या डिसेंबरात तिकडच्या सरपंचांची एक टूर आपल्या नगर जिल्ह्यातली गावं बघायला आली होती आणि मी चार दिवस त्यांच्या बसमध्ये दुभाषा होतो.

आपल्याकडे सरपंच झाला की आधी गाडीच्या काचेवर 'सरपंच' लागतं, मग गेटवर पाटी. ह्यांच्यातला कुलगामकडचा एकजण ग्रुप फोटोला सगळ्यांच्या मागे जाऊन उभा, वर मला म्हणतो, भाईसाब, फेसबुक पे मत डालना. फेरनच्या (तिकडचा लांब, ढगळ झगा) आतल्या खिशात रुमालात गुंडाळलेला पंचायतीचा शिक्का. म्हटलं इथे कशाला आणलात, तर म्हणे ठेवू कुठे? राहायचा हॉटेलात, सुरक्षेसाठी सरकारने दिलेल्या खोलीत, आणि गावातले लोक एका सहीसाठी सुमोत बसून तिथे यायचे.

तर मंत्र्याला गाठायचं म्हणजे बंदोबस्त फोडावा लागतो, सरपंचाचं कामच मुळी सापडण्याचं, रात्री दार वाजलं तरी ओ देणार. आणि एकाला मारलं की आजूबाजूच्या पन्नास गावांत वेगळं काही करावं लागत नाही. 2011 च्या पंचायत निवडणुकीत 80 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं होतं, पुढच्याच वर्षी सप्टेंबरात बारामुल्लात एक सरपंच आणि एक उपसरपंच मारले गेले आणि पेपरात सरपंच-पंचांच्या जाहिराती सुरू झाल्या, माझा आता पंचायतीशी संबंध नाही म्हणून. 2018 ला खोऱ्यातले निम्म्याहून जास्त पंचांचे, म्हणजे पंचायत सदस्यांचे, वॉर्ड रिकामे राहिले (मोठ्या पक्षांचा बहिष्कार होता हेही खरं, सगळंच भीतीच्या खात्यावर टाकू नका). जून 2020 मध्ये अनंतनागचे सरपंच अजय पंडिता मारले गेले, ते तर सुरक्षा मागत होते. मार्च 2022 मध्ये एकाच महिन्यात दोन सरपंच आणि एक पंच. त्यातल्या कुलगामच्या सरपंचाबद्दल पोलीस म्हणाले की त्याला हॉटेलात ठेवलं होतं, तो न सांगता घरी गेला. हा सूर मला अजिबात पटत नाही, स्वतःच्या घरी जायला कसलं सांगायचं?

मग उभे तरी का राहतात, हा पुढचा प्रश्न. मानधन तेव्हा महिन्याला दोन-तीन हजार, त्यासाठी कोण जीव घालवेल. मी बसमध्ये विचारलं तर आमच्या कुलगामकराने पुलाचं काढलं, नाल्यावर लाकडी पूल होता, पोरं शाळेत जाताना घसरायची, अर्ज कोणी घेईना. तो पूल किती फुटाचा, खर्च किती, सिमेंट कुठून आणलं, नगर येईपर्यंत हेच.

जानेवारी 2024 ला त्या सरपंचांची मुदत संपली तेव्हा मी कुलगामकराला फोन केला. अब तो मैं कोई नहीं हूं, म्हणाला, हसत. म्हटलं मग घरी झोपताय ना आता? तर म्हणे, अभी देखते हैं.