चार होल जुळले, एवढंच

शनिवारी सकाळी शटर वर केलं होतं, अजून उदबत्तीही लावली नव्हती, तेवढ्यात दारात एक पांढरी स्विफ्ट येऊन लागली. 2014 चं मॉडेल, व्हीएक्सआय. अंगावर दोन-चार ओरखडे, पण चारी चाकं चकाचक. जुन्या धोतराखाली नवीन बूट घालावेत तसं दिसत होतं. चालवत होती पंचविशीतली मुलगी, शेजारी तिचे वडील.

"दादा, बॅलन्सिंग करायचंय. ऐंशीच्या पुढं गेलं की स्टिअरिंग नाचतंय."

वडील अजून उतरलेच नव्हते. काच खाली करून तिथूनच म्हणाले, "बॅलन्सिंगचं न्हाई ते. चाक घोळतंय. कालपासनं सांगतोय."

मुलगी माझ्याकडं बघून हसली. आमच्यात हे असंच चालतं, अशा अर्थाचं हसू. वाईत 18 वर्षं टायरचं दुकान चालवतोय, असं हसू रोज बघतो. मागच्या सीटवरचा किंवा शेजारचा माणूस काहीतरी सांगत असतो आणि चालवणारा ते मनावर घेत नसतो. मीही नाही घेतलं. स्टिअरिंग थरथरतंय म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्या पाच-दहा ग्रॅम वजन इकडं-तिकडं लावून परत जातात.

बोलता बोलता कळलं ते असं. मुलगी शिरवळला एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. रोजचं जाऊन-येऊन 70-75 किलोमीटर. सकाळी खंबाटकीच्या बोगद्यातून, बोगदा संपला की ते बदनाम एस वळण. संध्याकाळी परत येताना जुना घाट चढून. ऑफिसातल्या एकानं आपल्या होंडा सिटीची मॅगव्हील, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची चाकं, बदलली आणि जुना सेट टायरसकट हिला 12 हजारांना दिला. 15 इंची, टायर निम्मे झिजलेले. "पीसीडी सेम आहे, डायरेक्ट बसतात," असं त्यानं सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. चाक ज्या चार बोल्टांवर, म्हणजे स्टडवर, बसतं त्यांच्यामधून एक गोल काढला तर त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. सिटीचा 100 मिलिमीटर, स्विफ्टचाही 100. हायवेवरच्या एका पंक्चरवाल्यानं अर्ध्या तासात चारी चाकं बदलून दिली. त्याला आठवडा झाला होता.

दुकानातल्या पोरानं पुढची डावी बाजू घेतली. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग जॅक लावायचा, ही आमची पद्धत. त्यानं पाना लावला आणि थांबला.

"शेठ, ह्यो हातानं फिरतोय."

मी वाकून बघितलं. चारातले दोन नट बोटांनी फिरत होते. तिसऱ्याला पाना नुसता टेकवला तर तो अर्धा फेरा सुटला. म्हणजे काल संध्याकाळी ही गाडी घाट चढून आली, तेव्हा पुढचं डावं चाक एका नटावर होतं.

कुणी काही बोललं नाही. वडील आता उतरले, येऊन चाकापाशी उकिडवे बसले. "मी म्हणत होतो की नाही" हे वाक्य म्हणायचा त्या क्षणी त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी ते म्हटलं नाही. सैल नट दोन बोटांत धरून फिरवला, काढला, उजेडात धरून बघितला. मग कळलं, तिचे वडील, आण्णा, एसटीत ड्रायव्हर होते, 31 वर्षं. शेजारच्या सीटवर बसून चाकाचा घोळ पार्श्वभागाला कळणारा माणूस म्हणजे काय, ते मी त्या दिवशी बघितलं.

एक कबूल करतो. पोरानं नट सांगितले नसते, तर मी चाक काढून सरळ बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवलं असतं आणि मशीननं मला शून्य दाखवलं असतं. कारण मशीन चाकाला मधल्या भोकातून शंकूसारखा कोन घालून धरते. मशीनवर चाक मधोमधच असतं. गाडीवर ते कुठं बसलंय, हे मशीनला कुठून कळणार?

मॅगव्हील कुठलंही असो, मी ते आधी पालथं घालतो. गिऱ्हाईक तोंड बघतं, आपण पाठ बघायची. हे चाक पालथं घातलं. मधल्या भोकाला व्हर्नियर लावला: 56 मिलिमीटर आणि वर थोडं. स्विफ्टचा हब, म्हणजे गाडीकडचा मधला उंचवटा ज्यावर चाक बसतं, तो 54 आणि थोडं. दोन मिलिमीटरचा फरक, म्हणजे चारी बाजूंनी एकेक. आण्णांनी त्या फटीत नख घालून बघितलं आणि मान हलवली. कंपनीचं चाक हबवर चपखल बसतं, ते हबनंच मधोमध धरलेलं असतं. हे चाक नुसतं लोंबत होतं. सगळी भिस्त नटांवर.

तरी एवढ्यानं नट सैल होत नाहीत. नट नीट बसत असेल तर तो घट्ट करताना चाकाला मध्यावर खेचून घेतो. म्हणून मी नटाची बैठक बघितली. तिथं खरी गोम होती. प्रत्येक भोकात, जिथं नट टेकतो तिथं, एक बारीक चकचकीत रेघ गोल फिरलेली आणि भोवती काळी भुकटी.

मुलगी लॅबमधली, म्हणून म्हटलं हिला करूनच दाखवू. टेबलावरचं बिलबुकाचं स्टॅम्पपॅड आणलं, निळी शाई बोटानं भोकातल्या बैठकीला चोपडली, तिचा स्विफ्टचा नट त्यात ठेवला आणि दाबून फिरवला. काढून दिला तिच्या हातात. नटाच्या उतारावर शाई कुठं लागली होती? एका केसाएवढ्या रेघेवर. बाकी नट कोरडा.

"सुझुकीचा नट भोवऱ्यासारखा आहे, सरळ उताराचा," मी सांगितलं. "सिटीच्या चाकातली बैठक वाटीसारखी आहे, गोलाईची. होंडाचा नट खालून चेंडूसारखा गोल असतो, तो त्या वाटीत भरून बसतो. वाटीत भोवरा ठेवला तर तो फक्त काठाला टेकणार. आवळताना पाना घट्ट लागतो, वाटतं बसलं. मग अ‍ॅल्युमिनियम त्या रेघेवर दबतं, नट ढिला पडतो."

तिनं नट दोनदा फिरवून बघितला. पोरगी हुशार. लगेच म्हणाली, "मग होंडाचे नट आणून लावू."

"आटे वेगळे. दोन्ही 12 मिलिमीटरचेच, पण होंडाच्या आट्यांतलं अंतर दीड मिलिमीटर, तुझ्या सव्वा. दोन फेरे जातो, मग अडतो. तिथं कुणी नट आवळायची गन लावली की स्टडची वाट."

आता खरं सांगायचं तर, मला एक वाट दिसत होती आणि ती स्वस्त होती. सव्वाच्या आट्याचे, पण गोल बुडाचे नट मिळतात. इथं वाईत नाही, पण पुण्यात नाना पेठेतल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन केला तर दोन दिवसांत 16 नट मागवून देतो म्हणाला. शिवाय मधल्या फटीसाठी 56 बाहेर, 54 आत अशा रिंगा. तीन हजारांच्या आत काम झालं असतं. पोरीचे 12 हजार वाचले असते आणि मला पुण्य लागलं असतं. मी तसं सांगून टाकलंही.

आण्णा डिकी उघडून उभे होते. तिथूनच विचारलं, "आन् स्टेपनी?"

मी काही क्षण गप्प. स्टेपनी गाडीबरोबर आलेली, 14 इंची लोखंडी डिस्क, म्हणजे साधी रिम. तिची बैठक भोवऱ्याची. गोल बुडाचे नट तिला चालणार नाहीत. म्हणजे पंक्चर झालं की काढलेले चार नट बाजूला ठेवायचे, डिकीतून दुसरे चार शोधायचे, लावायचे. रात्री, पावसात, खंबाटकीच्या उतारावर, ट्रक अंगावरून जात असताना. आणि ते चुकलं तर परत हाच प्रकार. 18 वर्षांत किती चाकं बदलली असतील मी. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"आण्णा, तुमचं बरोबर," मी म्हणालो. "ही चाकं नकोत."

मग नवीन बघायला सुरुवात झाली. आण्णांचं मत एका वाक्यात: जुन्या डिस्का गोठ्यात पडल्यात, त्या आणतो, नुसते टायर टाका. टायर टाकायचेच होते. चुलतभावानं तासाभरात डिस्का आणल्या. टायरवर नक्षी अजून बरी, 3-4 मिलिमीटर असेल. नक्षीच्या खाचेतली 1.6 मिलिमीटरची खूण अजून लांब होती. पण बगलेवरचे चार आकडे वाचले: 3014. म्हणजे 2014 सालातला 30 वा आठवडा. टायर गाडीबरोबरच जन्मलेले. अंगठ्यानं बगल दाबली तर भेगा उघडल्या, उन्हाळ्यातल्या वावरासारख्या. "नक्षी आहे की अजून," आण्णा म्हणाले, पण तेवढ्या जोरानं नाही.

मुलीची नजर मात्र भिंतीवरच्या 16 इंची काळ्या सेटवर. आठ होलांचा, म्हणजे 100 आणि 114.3 दोन्ही पीसीडीला चालणारा. दिसायला देखणा, माझा नफाही त्यातच जास्त. ते चाक मी काट्यावर ठेवलं, नऊ किलोला थोडं कमी. शेजारी तिची लोखंडी डिस्क, साडेसहाच्या आसपास. मॅगव्हील म्हणजे हलकं, असं सगळ्यांना वाटतं. इंच वाढवले की तो हिशेब उलटतो. 16 ला बसेल तो टायर 195/55, म्हणजे 195 मिलिमीटर रुंद आणि बगलेची उंची रुंदीच्या 55 टक्के. उंची जुळते, पण रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर उरतं 107 मिलिमीटर. तिच्या मूळ 165/80 आर 14 मध्ये ते 132 आहे. ही वीत-अर्ध्या विताची गोष्ट नाही, पण खड्ड्याची कड बसते तेव्हा तेवढंच रबर मध्ये असतं. पावसाळा संपला की माझ्याकडं ठोकून सरळ करायला येणारी रिमं कुठल्या मापाची असतात, ते कोपऱ्यात दाखवलं. ती विषय न वाढवता पुढं सरकली. मला बरं वाटलं, कारण या मुद्द्यावर पोरं माझ्याशी तास-तास वाद घालतात.

उरले 14 आणि 15. स्विफ्टच्याच वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनीनंच 185/65 आर 15 दिलेला. पाटीवर खडूनं हिशेब मांडला. मूळ चाकाची एकूण उंची 619-620 मिलिमीटर, या 15 ची 621. म्हणजे स्पीडोमीटर, गिअर, बॉडीची उंची, सगळं जागच्या जागी. सिटीचा 175/65 आर 15 भरतो 608. गाडी आठवडाभर पाच-सहा मिलिमीटर खाली बसून चालली होती आणि काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवत होता. भाराचा आकडाही बघितला: मूळ टायरचा 85 म्हणजे एका चाकाला 515 किलो, नव्याचा 88 म्हणजे 560. सिटीच्या टायरवर 84, म्हणजे 500. आकडा मूळच्या वर चालतो, खाली नाही.

पैशाच्या हिशेबानं आण्णाच बरोबर होते. डिस्क आहेत, चार टायर टाका, 20 हजारांच्या आत घरी. पण रोजचे दोन तास त्या गाडीत मुलीचे जातात, हप्ता आणि पेट्रोल तिचं. तिनं साधा चंदेरी 15 इंची सेट निवडला. मी तो तिच्यासमोर पालथा घातला. पाठीवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी दर्जाचे शिक्के, किती किलो भार झेपेल तो आकडा ओतलेला, बैठक भोवऱ्याची. स्टॅम्पपॅड तिनं स्वतः आणलं. शाई नटाच्या उतारावर सगळीकडून लागली. मधलं भोक 67 चं होतं, त्याला 54.1 ची रिंग घातली, प्लास्टिकची न देता अ‍ॅल्युमिनियमची.

पुढच्या डाव्या हबचे चारी स्टड बदलले. सैल चाक घासून दोनाचे आटे चपटे झाले होते. बाकीचे दोन वरून बरे दिसत होते, पण आठवडाभर त्यांनी काय सोसलं ते मला माहीत नव्हतं. शेवटी गाडी खाली घेऊन आवळायचा जोर मोजणारा टॉर्क रेंच 85 न्यूटन-मीटरवर लावून समोरासमोरचे नट आवळले. गन बाजूला ठेवलेली बघून आण्णा पहिल्यांदा हसले. "शंभर किलोमीटर झाले की परत या, नट बघायला," म्हणून सांगितलं. निम्मी माणसं येत नाहीत.

ही दोघं मंगळवारी संध्याकाळी आली. मी रेंच घेऊन वाकलो तर प्रत्येक नटावरून रिमवर पांढऱ्या ऑइलपेंटची बारीक रेघ ओढलेली. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटणार. सोळाच्या सोळा रेघा अखंड होत्या. आण्णांनी तरीही माझी हातोडी मागितली आणि चारी चाकांना फेरी मारून प्रत्येक नटावर हलकेच टक-टक करत आवाज ऐकला. मुलगी गाडीत बसून मोबाइल बघत होती. घाई करत नव्हती.

सिटीचा सेट माझ्याकडंच ठेवलाय, विकून द्यायच्या कबुलीवर. आतल्या बाजूला खडूनं लिहिलंय, "फक्त होंडा". भाव आठ हजार सांगतोय. कालच एक आय-टेनवाला येऊन गेला. चार होल मोजले आणि म्हणाला, "बसतंय की ओ!"