ठाण्याहून भायखळा आणि काळा घोडा : म्युझियम उभं करणाऱ्या लोकांच्या कागदांच्या मागे दोन दिवस

आमच्या बिल्डिंगमधले काका मूळचे मुरबाडचे. नाना शंकरशेठ म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ यांचा जन्म १८०३ साली मुरबाडलाच झाला, त्यामुळे नानांचं नाव निघालं की काकांचा आवाजच बदलतो. मार्चमध्ये मी सहज म्हटलं की भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या सुरुवातीच्या लोकांबद्दल वाचतेय, पैसे कोणी दिले, कमिटीत कोण होतं, तर ते लगेच म्हणाले, "अगं मग एकटी कशी जातेस, मी येतो की." मग आम्ही दोघं गेलो, दोन वेगवेगळ्या दिवशी. त्याचंच हे सविस्तर लिहितेय, कारण जायच्या आधी मला असं काही सलग वाचायला मिळालं नव्हतं.

सुरुवात ठाण्यातच करा हे पहिलं सांगणं. मराठी ग्रंथ संग्रहालय, वि. ल. भाव्यांनी १८९३ मध्ये सुरू केलेलं. तिथे बसून नानांची आणि भाऊ दाजींची चरित्रं चाळली, वहीत एका पानावर फक्त सालं लिहिली आणि दुसऱ्या पानावर फक्त नावं. हे दोन तास फार कामाला आले, कारण दप्तरखान्यात, म्हणजे जुने सरकारी कागद ठेवतात त्या पुराभिलेख विभागात, गेल्यावर समोर जाडजूड खंड येतात आणि साल माहीत नसेल तर माणूस नुसतीच पानं उलटत बसतो.

वार नीट ठरवा. म्युझियम बुधवारी बंद, त्याला लागूनच असलेली राणीची बागही बुधवारी बंद. पुराभिलेखचं ऑफिस सरकारी, म्हणजे शनिवार-रविवार सुट्टी. दोन्ही एकाच दिवशी करायचं असेल तर मंगळवार किंवा गुरुवार बघा, पण खरं सांगायचं तर एका दिवसात दोन्ही करूच नका, आम्ही दोन दिवस घेतले तरी कमीच पडले.

ठाण्याहून फास्ट पकडली, बऱ्याच फास्ट भायखळ्याला थांबतात, चढताना इंडिकेटर बघून घ्या एवढंच. काका सकाळच्या गर्दीत नको म्हणाले म्हणून साडेदहानंतरची धरली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती याच मार्गाने आणि त्या रेल्वे कंपनीच्या संचालकांत नाना होते, त्यामुळे काका खिडकीतून बाहेर बघत अख्खा रस्ता तेच सांगत होते आणि मला ते ऐकायला आवडत होतं. भायखळा स्टेशन उतरल्यावर दोन मिनिटं थांबून बघा, दगडी इमारत सुंदर दुरुस्त केलीय, युनेस्कोचा पुरस्कार मिळालाय २०२२ मध्ये. पूर्वेला उतरून चालत दहा-बारा मिनिटं.

आता म्युझियम. लोक आत शिरतात, सोनेरी-हिरवे खांब आणि छत बघतात, फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही तसं करू नका. आधी पाट्या वाचा, पुतळे बघा, मग वस्तू. प्रिन्स आल्बर्टचा मोठा संगमरवरी पुतळा आहे तो डेव्हिड ससूनने दिलेला. ससून बगदादहून आलेला ज्यू व्यापारी, म्हणून पुतळ्यावर हिब्रू अक्षरंही कोरलीत. काकांनी ती अक्षरं बोटाने हवेतच गिरवून बघितली. संस्थापकांच्या चित्रांचं दालन आहे, तिथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ होतो.

गोष्ट थोडक्यात अशी. १८५५ मध्ये पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं, त्यासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा केल्या आणि त्यांच्याच जोडीच्या वस्तूंतून फोर्टमधल्या टाउन बराकीत एक संग्रहालय सुरू झालं, नाव सेंट्रल म्युझियम. डॉ. जॉर्ज ब्यूस्ट हे त्याचे सुरुवातीचे क्युरेटर, बॉम्बे टाइम्सचे संपादकही तेच. मग १८५७ आलं, बराकी सैन्याला हव्या झाल्या आणि संग्रह घाईघाईत बाहेर काढला गेला, बरंच नुकसान झालं. १८५८ मध्ये डॉ. जॉर्ज बर्डवुड आले आणि त्यांनी उरलंसुरलं सावरलं. नवी इमारत आणि बाग हवी म्हणून वर्गणी सुरू झाली त्यात बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी आणि नाना हे तिघे पुढे. १८६२ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली. तेव्हा मुंबईत कापसाचा पैसा नुसता वाहत होता, अमेरिकेत यादवी चालू असल्यामुळे तिथला कापूस इंग्लंडला जाईना आणि इथल्याला मागणी आली. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं, शेअरबाजार कोसळला, वर्गणी आटली आणि काम रखडलं. त्याच वर्षी ३१ जुलैला नाना गेले. म्युझियम लोकांसाठी उघडलं २ मे १८७२ ला. म्हणजे ज्यांनी इतकं केलं त्या नानांनी ते उघडलेलं पाहिलंच नाही, आणि भाऊ दाजींनी पाहिलं पण तेही १८७४ मध्ये गेले. हे मी काकांना तिथेच चित्रासमोर सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

भाऊ दाजी मूळचे गोव्याकडचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, शिलालेखांचे अभ्यासक, मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ (नगरपाल). म्युझियमला त्यांचं नाव मात्र १९७५ मध्ये मिळालं, तोपर्यंत ते व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमच होतं. शोधताना हे फार महत्त्वाचं आहे, पुढे सांगते.

बाहेर पडताना तो दगडी हत्ती चुकवू नका. घारापुरीचा हत्ती तो, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव ठेवलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलला आणि तुकडे झाले, ते १९१४ मध्ये जोडून उभे केले. नवी मुंबईकरांना घारापुरी समोरच दिसते पण मूळ हत्ती इथे आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

दुसरा दिवस कागदांचा. महाराष्ट्र पुराभिलेख, काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. सीएसएमटीहून चालत वीस-पंचवीस मिनिटं, ऊन असेल तर बेस्ट घ्या. मुंबई सरकारचं हे दप्तर १८२१ पासूनचं. एल्फिन्स्टनची ही इमारतही सर कावसजी जहांगीर रेडीमनी या देणगीदारांच्या नावाची, म्हणजे देणगीदारांचे कागद वाचायला आपण देणगीदाराच्याच इमारतीत बसतो, मला हे फार भावलं.

पहिल्यांदा मी ओळखपत्र नेलं पण शिफारसपत्र घरी टेबलावर राहिलं, चूक माझीच, त्यामुळे त्या दिवशी परत यावं लागलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. तर कॉलेजचं किंवा एखाद्या संस्थेचं लेटरहेडवरचं पत्र, आधार, झेरॉक्स, दोन फोटो, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. विषय अर्जात नेमका लिहा. "मुंबईचा इतिहास" असं लिहून उपयोग नाही, "सेंट्रल म्युझियम, मुंबई, १८५५ ते १८७२, देणगीदार आणि कमिटी" असं लिहा. निघायच्या आधी फोन करून वाचनकक्ष चालू आहे ना, फोटो काढू देतात का, झेरॉक्सचे दर काय ते विचारून घ्या, नियम बदलत असतात. पेन नेऊ नका, दोन पेन्सिली न्या. पाण्याची बाटली कागदांपासून लांब. पानं ठिसूळ असतात, कोपरा धरून ओढू नका, तळहातावर घेऊन उलटा.

आणि स्पेलिंग. इंग्रजी कागदांत नाना "जग्गोनाथ संकरसेट" या थाटात सापडतात, ठाणं "टॅन्ना" होतं. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर वाटेल की माणूस कागदांत नाहीच. मी तीन-चार रूपं आधीच लिहून नेली होती. म्युझियमचंही तसंच, आधी सेंट्रल म्युझियम, मग व्हिक्टोरिया म्युझियम, मग व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट, तिन्ही नावांनी इंडेक्स बघायचा. मी सरकारच्या जनरल डिपार्टमेंटच्या खंडांपासून सुरुवात केली, एज्युकेशन डिपार्टमेंटचे नंतर. हस्ताक्षर पहिला अर्धा तास अजिबात लागत नाही, मग एकदम लागायला लागतं, धीर सोडू नका. काका शेजारी बसून फक्त नावं शोधत होते आणि नानांचं नाव दिसलं की माझ्या कोपराला हळूच हात लावायचे, तिथे बोलता येत नाही ना.

मला या कागदांतून जे मिळालं ते पाट्यांवरून कधीच कळलं नसतं. पाटीवर माणूस दाता म्हणून एका ओळीत असतो. कागदात तोच माणूस मीटिंगला हजर असतो, सही करतो, सरकारकडे पुन्हा पैसे मागणाऱ्या पत्रात असतो. १८५५ ते १८७२ ही सतरा वर्षं कुणीतरी ही पत्रं लिहीतच होतं, आणि पैसे देण्याइतकंच मोठं काम ते आहे असं मला आता वाटतं.

समोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, वेळ असेल तर जोडीला करा. त्याची सुरुवात १९०५ ची, इमारत जॉर्ज विटेट या वास्तुकाराची, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं आणि म्युझियम म्हणून उघडलं १९२२ मध्ये. सर रतन टाटा १९१८ मध्येच गेले होते, त्यांचा संग्रह त्यानंतर इथे आला. पुन्हा तेच बघा, देणारा नाही आणि दिलेलं आहे. आम्ही फक्त टाटांची दालनं पाहिली, पाय दुखायला लागले होते.

एशियाटिक सोसायटीत, म्हणजे टाउन हॉलमध्ये, नानांचा आणि जमशेटजी जीजीभॉयांचा संगमरवरी पुतळा आहे. तीस पायऱ्या चढायच्या आहेत, ज्येष्ठांना सोबत नेत असाल तर सावकाश. ज्यांना यायलाच जमत नाही त्यांनी एशियाटिकचं ग्रंथसंजीवनी पोर्टल घरबसल्या बघा, जुने ग्रंथ आणि अहवाल स्कॅन करून ठेवलेत, मी आता रात्री तेच वाचतेय.

परत येताना सीएसएमटीच्या दर्शनी भिंतीकडे मान वर करून बघा. रेल्वेच्या संचालकांचे दगडात कोरलेले चेहरे आहेत, त्यात जमशेटजी जीजीभॉय आणि नाना दोघे आहेत. काका पस्तीस वर्षं याच स्टेशनातून गेले-आले आणि कधी वर पाहिलं नव्हतं. चष्मा पुसून शोधत राहिले, सापडल्यावर म्हणाले, "हा बघ, आमचा मुरबाडचा." साडेपाचची ठाणे लोकल आम्ही सोडली, सहाची पकडली. तुम्ही मात्र पाचच्या आत निघा, सीएसएमटीहून बसायला जागा मिळते.