तुम्ही विचारलंत म्हणून : हायड्रोजनवर काम करता म्हणजे नक्की करता काय?

"सरकारी धोरण विभागात आहे, कमी-कार्बन हायड्रोजनचं काम बघते," असं सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि ठरलेल्या दोन प्रश्नांपैकी एक टाकतो. म्हणजे आता गाड्या पाण्यावर चालणार का? किंवा, म्हणजे तुम्ही नक्की करता काय?

पहिल्याचं उत्तर : नाही. पाणी ही हायड्रोजन जळून झालेली राख आहे. राखेचं परत लाकूड करायचं तर जळताना मिळाली त्याहून जास्त ऊर्जा ओतावी लागते. ती कुठून आणायची, यावरच माझी नोकरी चालते.

दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला संकोच वाटतो, कारण ते ऐकायला फारच किरकोळ आहे. मी एका शब्दाची व्याख्या करते. कुठल्या हायड्रोजनला 'कमी-कार्बन' म्हणायचं आणि कुठल्याला नाही, एवढंच. मसुदा काढायचा, हरकती-सूचना मागवायच्या, त्या वाचायच्या, मसुदा बदलायचा, अर्थ खात्याने परत पाठवला की पुन्हा बदलायचा. यात वर्षं जातात.

एका शब्दाला एवढा वेळ का? तर जगात 2023 मध्ये साधारण 9.7 कोटी टन हायड्रोजन तयार झाला आणि त्यातला कमी-उत्सर्जनाचा भाग एक टक्काही नव्हता. बाकी जवळजवळ सगळा जीवाश्म इंधनांतून, मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशातून. तो जातो तेल शुद्धीकरणाला, खतांसाठी लागणाऱ्या अमोनियाला, मिथेनॉलला. वायूपासून एक किलो हायड्रोजन करताना 9-10 किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो, कोळशापासून त्याच्या साधारण दुप्पट. हे बदलायचं तर स्वच्छ हायड्रोजन महाग पडतो, म्हणून सरकार मधला फरक भरून काढतं. आणि ज्या दिवशी अनुदान जाहीर होतं, त्या दिवशी सगळ्यांचाच हायड्रोजन हिरवा होतो.

रंगांची भाषा मला मुळीच आवडत नाही. करडा, निळा, हिरवा, गुलाबी, मोरपंखी. हायड्रोजन रंगहीन आहे हो. रंग सांगतो तो फक्त बनवण्याचा मार्ग. वाटेत हवेत काय सोडलं ते सांगत नाही. म्हणून आता बरेच देश रंग सोडून किलो विचारू लागलेत. भारताने ऑगस्ट 2023 मध्ये हिरव्या हायड्रोजनची मर्यादा ठरवली : एका किलोमागे 2 किलो कार्बन डायऑक्साईड, तेही मागच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर. ब्रिटनची मर्यादा हायड्रोजनमधल्या ऊर्जेच्या एका मेगाज्यूलमागे 20 ग्रॅम, म्हणजे किलोमागे 2.4 किलो. नावात 'हिरवा' अजून आहे, पण भांडण आकड्यावर होतं, हे बरंच झालं.

आता तो 2 चा आकडा जरा जवळून बघा. पाण्याचं विद्युत विघटन करून एक किलो हायड्रोजन काढायला यंत्राला सुमारे 55 युनिट वीज लागते. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे ढोबळ मानाने एक किलो कार्बन डायऑक्साईड धरा. म्हणजे सगळी वीज कोळशाची असेल तर हायड्रोजनच्या एका किलोमागे 55 किलो! ज्या करड्या, म्हणजे वायूपासूनच्या, हायड्रोजनला आपण नावं ठेवतो त्याच्या पाचपटीहून जास्त. यंत्र तेच, पाणी तेच, धुराडं नाही, कारखान्याच्या फाटकावर हिरवी पाटी. उलटा हिशोब करा : शंभरातली फक्त चार युनिटं कोळशाची निघाली तरी 2.2 किलो झाले, मर्यादा मोडली. हे गणित मी कागदावर करून दाखवते तेव्हा भले भले अधिकारी कागद आपल्याकडे ओढून पुन्हा गुणाकार करतात.

मग पुढचा वाद सुरू होतो, आणि खरी गोम इथेच आहे. कंपनी म्हणते, आम्ही वर्षभरात जेवढी वीज वापरली तेवढीच सौरवीज विकत घेतली, कागद बघा. कागद खरा असतो. पण सौरवीज दुपारची, आणि यंत्र चालतं रात्रीसुद्धा. रात्री तारेतून येणारी वीज कुणाची? त्या वेळी जे केंद्र चालू असेल त्याची, म्हणजे बऱ्याचदा कोळशाची नाहीतर वायूची. म्हणून ब्रिटनने वीज वापरली कधी आणि तयार झाली कधी, याचा दर अर्ध्या तासाचा मेळ मागितला. युरोपीय संघाने 2029 अखेरपर्यंत महिन्याचा मेळ चालेल आणि त्यानंतर तासाचा, असं ठरवलं. एका बाजूला उद्योगवाले म्हणतात, तासाचा हिशोब लावलात तर आमचं महागडं यंत्र दिवसातले बरेच तास नुसतं बसून राहील. दुसऱ्या बाजूला पर्यावरणवाले म्हणतात, वर्षाचा हिशोब म्हणजे हिशोबच नाही. दोघंही बरोबर आहेत. माझं मत विचाराल तर तासाचा मेळ हवाच. पहिल्या दिवसापासून नको, पण तो कधी लागू होणार ती तारीख पहिल्याच दिवशी छापलेली हवी. 'यथावकाश' हा शब्द ज्या मसुद्यात येतो तो मसुदा मी परत पाठवते.

वायूपासून हायड्रोजन करून कार्बन पकडून जमिनीत गाडायचा, हा दुसरा मार्ग. त्याला हसण्यात अर्थ नाही, काही ठिकाणी तो नीट जमू शकतो. प्रक्रियेतल्या दाबाखालच्या वायूमधला कार्बन पकडणं सोपं, भट्टीच्या धुरातला पातळ कार्बन पकडणं अवघड आणि खर्चिक. तेव्हा "कार्बन पकडतो" म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, कुठला? त्याहून मोठी मेख कारखान्याच्या बाहेर आहे. एक किलो हायड्रोजनला साधारण साडेतीन किलो वायू लागतो, आणि हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. विहिरीपासून कारखान्यापर्यंत त्यातला शंभरातला एक भाग गळला, तर शंभर वर्षांच्या मोजमापाने मिथेन कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे तीसपट तापवतो, म्हणजे गळतीनेच एक किलो भरला. 2 किलोच्या मर्यादेतला अर्धा वाटा कारखान्याचं दार उघडण्याआधीच संपला. वीस वर्षांचं मोजमाप लावलंत तर मिथेन ऐंशीपटीच्या वर जातो आणि मर्यादा तिथेच ओलांडते. कुठलं मोजमाप लावायचं हे विज्ञान ठरवत नाही, ते आमच्यासारख्यांना ठरवावं लागतं आणि मग त्याचं समर्थनही करावं लागतं.

आता माझी एक चूक सांगते, कारण या कामाचं स्वरूप तिच्यातून जास्त कळेल. वेगवेगळ्या देशांच्या मर्यादांचा तुलना तक्ता मी केला होता. ब्रिटनचे 20 ग्रॅम किलोत आणताना मी हायड्रोजनचा उच्च उष्मांक (एक किलो जळून मिळणारी उष्णता) वापरला, 142 मेगाज्यूल. त्यांचं मानक निम्न उष्मांकावर आहे, 120 मेगाज्यूल. जळून झालेली वाफ थंड करून तिची उष्णता मोजायची की नाही, एवढाच फरक. पण 2.4 च्या जागी 2.84 आले, आणि "बघा, ते किती सैल आहेत" असं एक वाक्य मी मोठ्या आत्मविश्वासाने टिप्पणीत घालून टाकलं. टिप्पणी दोन टेबलं पुढे गेली होती. आमच्यातला सगळ्यात तरुण सहकारी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आला, म्हणाला, "ताई, एक शंका होती." त्या 'शंका' शब्दाबद्दल मी त्याची अजून ऋणी आहे. फाईल मागवली, पान बदललं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर 'निम्न उष्मांक' असं ठळक लिहिलेलं असतं.

पाण्यातून हायड्रोजन हे काही नवं नाही, हेही सांगायला हवं. सादरीकरणांत ते उद्याचं तंत्रज्ञान म्हणून मिरवतं. नॉर्वेत र्‍युकानला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच जलविद्युतीवर ते मोठ्या प्रमाणात चाललं. पंजाबात नांगलला 1960 च्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्याचं विघटन करून खत बनत होतं. पुढे वायूपासून हायड्रोजन स्वस्त पडू लागला आणि हा मार्ग मागे पडला. तंत्र हरलं नव्हतं, भाव हरला होता. म्हणून धोरणात यंत्राच्या स्तुतीपेक्षा विजेच्या दराबद्दल जास्त लिहा, असं मी नव्यांना सांगते.

आणि हायड्रोजन लावायचा कुठे, याबद्दल मी तशी कंजूष आहे. आधी जिथे तो आजच वापरला जातो तिथला बदला : खतं, शुद्धीकरण. मग पोलाद, जिथे लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला कोळशाऐवजी हायड्रोजन चालतो. स्वीडनने 2021 मध्ये ते करून दाखवलं. घरं तापवायला, छोट्या गाड्यांना नको. तिथे वीज सरळ वापरावी.

सध्या टेबलावर आहे तो ऑक्सिजन. एक किलो हायड्रोजनबरोबर आठ किलो ऑक्सिजन निघतो. एका अर्जदाराचं म्हणणं असं की आम्ही तो विकतो, तेव्हा उत्सर्जनाची वाटणी दोघांत वजनाप्रमाणे करा. ऐकायला किती न्याय्य! पण वजनाने वाटलंत तर नऊपैकी आठ वाटे ऑक्सिजनच्या खात्यावर जातात आणि किलोमागे 18 किलो कार्बन डायऑक्साईड सोडणारा हायड्रोजनसुद्धा 2 वर येऊन बसतो. किमतीने वाटायचं, तर ऑक्सिजनचा भाव गावोगाव वेगळा. आणि विकतो म्हणणारा खरंच विकतो की हवेत सोडतो, हे बघायला कोण जाणार? मी तिसरा मसुदा लिहिते आहे. त्यात सध्या एवढंच वाक्य पक्कं झालंय : 'विक्रीची पावती जोडलेली असल्यास.'