आमची वाटचाल: माऊस, मांजर आणि चौथीचा वर्ग

जळगाव-धुळ्याकडच्या प्राथमिक शाळांत आम्ही कोडिंगचे तास घेतो. पोरांना हे आवडेल का, असं पालक विचारतात. पोरं मात्र पहिल्या तासाला माऊसशीच झुंजत असतात. घरी हाताळलेला तो मोबाइल, त्यामुळे बोट थेट पडद्यावर. आज्ञा लिहिलेला ठोकळा पडद्यावर टचपॅडने ओढताना मध्येच सुटतो, आणि ‘आपल्याला जमत नाही’ हे तिथेच पक्कं होतं. म्हणून प्रत्येक लॅपटॉपला वेगळा माऊस. चकचकीत सनमायकावर तो अडखळला तर खाली वहीचा पुठ्ठा.

सुरुवातीला टाइप करायची भाषा शिकवली, ती आमची चूक. एक कंस राहिला की लाल ओळ, आणि लाल म्हणजे बाईंचा शेरा. हुशार म्हणवली जाणारी मुलंच आधी गप्प व्हायची. मग अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं २००७ सालचं स्क्रॅच घेतलं: आज्ञांचे ठोकळे जोडायचे आणि पडद्यावरची मांजर हलवायची. त्यात चूक झाली तर मांजर भलतीकडे जाते, इतकंच.

चौरस सगळ्यांना जमतो: ४ वेळा, १०० पावलं, ९० अंश. त्रिकोणाला मुलं ६० टाकतात आणि आकृती मिटत नाही. मांजर कोपऱ्यावर बाहेरच्या कोनातून वळते, म्हणून १२० लागतात. हे फळ्यावर सांगू नये. अंगणात खडूचा त्रिकोण काढून त्यावरून चालवावं. पाय वळले की आकडा मुलंच सांगतात. उणे संख्या चौथीत झालेल्या नसतात, पण पडद्याच्या मधोमध शून्य आणि तळ उणे १८० वर. विहिरीच्या पायऱ्या म्हटलं की भागतं: काठ शून्य, खाली उणे.

कडेला आपटून परतताना मांजर उलटी होते. ‘मनी मांजर उलटी व्हयनी!’ म्हणून अख्खा वर्ग हसतो. फिरण्याची पद्धत फक्त डावी-उजवी ठेवली की ती सरळ राहते. आम्ही मुद्दाम उशिरा सांगतो. खेळ सुरू करायचा हिरवा झेंडा दुसऱ्यांदा दाबला की खेळ बिघडतो, तेव्हा मात्र मुलं संगणकालाच दोष देतात. खरं तर मांजर मागच्याच जागी उभी असते. सुरुवातीलाच ‘शून्य, शून्यवर जा’ हा ठोकळा लावायचा.

एका लॅपटॉपवर दोघं. माऊस एकाकडेच राहिला तर दुसऱ्याचा, बहुतेकदा दुसरीचा, रस संपतो. दर ८ मिनिटांनी ताट वाजवून अदलाबदल. ऑफलाइन स्क्रॅच आपोआप जतन करत नाही आणि जुन्या बॅटऱ्या वीज गेली की फार टिकत नाहीत, म्हणून ताट वाजलं की आधी फाइल जतन, मग माऊस.