मार्ग कुठून मोजायचा

मोठा प्रबंध लेटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून मजकुराची मांडणी करणाऱ्या प्रणालीत, लिहायला घेतला की प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करण्याचा मोह आवरत नाही, आणि तो आवरूही नये. मुख्य फाइलीत दुसरी फाइल आत ओढणाऱ्या इन्क्लूड या आज्ञेच्या मोजक्या ओळी राहतात आणि मजकूर आपापल्या फोल्डरमध्ये जातो. शिवाय इन्क्लूडओन्ली या आज्ञेमुळे हातातले प्रकरण तेवढेच कंपाइल करता, म्हणजे छापण्याजोग्या रूपात आणता येते आणि इतर प्रकरणांचे पृष्ठक्रमांक त्यांच्या आधीच्या ऑक्स नावाच्या नोंदींच्या फाइलींतून मिळत राहतात. घोळ सुरू होतो तो प्रकरणाच्या फोल्डरात आकृत्यांचा उपफोल्डर केल्यावर.

प्रकरणाच्या फाइलीत आपण ‘फिग्ज/प्लॉट’ असा मार्ग, म्हणजे आकृतीच्या फाइलीचा पत्ता, लिहितो. फोल्डर शेजारीच डोळ्यांसमोर असतो, तरीही फाइल सापडत नाही असे लेटेक ठणकावून सांगते. ते मार्ग मोजते ते ही ओळ ज्या फाइलीत आहे तिच्यापासून नव्हे, तर कंपाइल ज्या फोल्डरातून सुरू केले तिथून. पत्ता सांगणारा कुठेही बसलेला असो, डावे-उजवे ठरते ते चालणाऱ्याच्या पायांवरून, तसाच हा प्रकार.

यावर उपाय पुष्कळ आहेत. इम्पोर्ट या पॅकेजमधील, म्हणजे लेटेकला जोडायच्या पुरवणीतील, सबइम्पोर्ट ही आज्ञा फोल्डर आणि फाइल वेगवेगळे मागते आणि आतले मार्ग त्या फोल्डरापासून मोजू लागते. सबफाइल्स पॅकेज घेतले तर प्रकरण स्वतंत्रपणेही कंपाइल होते. सर्वांत लोकप्रिय मात्र ग्राफिक्सपाथ, म्हणजे आकृत्या कोणकोणत्या फोल्डरांत शोधायच्या याची यादी देणारी आज्ञा. त्यात प्रत्येक फोल्डर स्वतःच्या महिरपी कंसात लिहायचा आणि शेवटची तिरकी रेघ विसरायची नाही, एवढेच पथ्य. मला हा उपाय फारसा भरवशाचा वाटत नाही. दोन प्रकरणांत ‘प्लॉट’ नावाचीच आकृती असेल, तर यादीतील जो फोल्डर आधी येईल त्यातली आकृती मुकाट्याने छापली जाते. चूक दाखवणारी एकही ओळ लॉगमध्ये, म्हणजे कंपाइलच्या नोंदवहीत, येत नाही आणि पाचव्या प्रकरणात दुसऱ्या प्रकरणाचा आलेख दिमाखात झळकतो. फाइल न सापडणे त्यापेक्षा शतपटीने बरे! टेक्सइनपुट्समध्ये, म्हणजे लेटेकने फाइली कुठे शोधायच्या हे सांगणाऱ्या सेटिंगमध्ये, दोन तिरक्या रेघा देऊन सगळे उपफोल्डर धुंडाळायला लावले, तरी नावांची ही गफलत टळत नाही.

म्हणून मी मुख्य फाइलीपासूनचा पूर्ण मार्गच प्रत्येक आकृतीला लिहितो. तो लांबलचक दिसतो खरा. पण फोल्डरचे नाव बदलायचे झाले, तर एका शोधात सगळ्या जागा सापडतात. रेघ विंडोजवरही पुढे झुकणारीच वापरावी लागते, कारण मागे झुकणारी रेघ लेटेकने आज्ञांसाठी राखून ठेवली आहे. आता उरला लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा प्रश्न. विंडोजला ‘फिग्ज’चा एफ लहान की मोठा याचे सोयरसुतक नसते, लिनक्सला मात्र ते दोन निरनिराळे फोल्डर वाटतात, त्यामुळे सहलेखक विंडोजवाला असला की मजकुराविषयी बोलण्याआधी मी त्याच्या फोल्डरांची नावे तपासतो.